हौद्यातली माती

“दातावर दात धर,” हिंदुराव वस्ताद म्हणाले आणि त्यांनी यल्लाप्पाच्या तळपायातल्या भोकात अंगठ्यानं कुस्तीच्या हौद्यातली माती दाबली.

यल्लाप्पानं दातावर दात धरले. मी शेजारी दगडावर बसून नडगी दोन्ही हातांनी आवळून धरली होती आणि बोटांच्या फटींतून रक्त गळत होतं. झालं होतं ते एवढंच. तालमीच्या छपराचे कुजलेले वासे काढायला घेतले होते. त्यातला एक वासा आम्ही दोघं खांद्यावरून बाहेर नेत होतो. माझा पाय घसरला, वासा निसटला. त्याच्या टोकाच्या खिळ्यानं माझी नडगी वीतभर फाडली, आणि तोल जाऊन यल्लाप्पाचा अनवाणी पाय खाली पडलेल्या फळीवर पडला. त्या फळीतला खिळा त्याच्या तळव्यात बोटभर आत गेला. माझं रक्त बघून पोरं हबकली. त्याच्या पायातून जेमतेम दोन थेंब आले.

“ही हौद्यातली माती हाय,” वस्ताद जमलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “हिच्यात ताक हाय, हळद हाय, तेल हाय. हिनं हत्ती उभं केल्यात. हिच्यापुढं कसला दाक्तर आनि कसली सुई.”

त्या तालमीनं उभा केलेला एकही हत्ती मी पाहिला नव्हता. पाहिलं होतं ते हौद्याच्या पडक्या भिंतीपलीकडचं वस्तादांचं गोठ्याचं आवार. त्यांच्या तीन म्हशी वाटेल तेव्हा भिंतीवरून पाय टाकून आत येत आणि जे करायचं ते आमच्या पवित्र मातीत करून जात. वस्ताद म्हणत, शेणानं माती मऊ राहते. आम्ही ‘व्हय वस्ताद’ म्हणायचो. वस्तादांनी जवानीत कुणाकुणाला चीत केलं होतं त्याच्या कहाण्या रोज संध्याकाळी चालत. चीत झालेले सगळे पैलवान एकतर मेलेले असत किंवा फार लांब राहणारे. आम्ही त्यालाही ‘व्हय वस्ताद’ म्हणायचो. आता त्या माणसाची आठवण आली की तोंड कडू होतं. पण तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, आणि त्यानं पाठीवर थाप मारली की मला दोन दिवस जेवण गोड लागायचं.

माझ्याही जखमेवर त्यांनी ओंजळभर माती थापली, वरून फडकं गुंडाळलं आणि म्हणाले, “उद्या जोर चुकवायचं न्हाईत.”

डॉक्टरकडे जायचं कुणाच्या तोंडून निघालं नाही, आणि त्याला कारण होतं. आदल्या वर्षी नेमगोंडा नावाच्या पोराच्या अंगठ्यावर खोरं पडलं होतं. तो गुपचूप जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आला. वस्तादांना कळलं. त्यांनी त्याला सगळ्या तालमीसमोर उभं केलं, घरातून बायकोची चोळी मागवून त्याच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, “जा सुईबाई, सासरला जा.” पोरं पोट धरून हसली. मीही हसलो. नेमगोंडानं तालीम सोडली, पण नाव काही त्याला सोडेना. त्याच्या लग्नाच्या वरातीत कुणीतरी ‘सुईबाई’ म्हणून हाळी दिली होती.

आणि दुसरं म्हणजे मैदान. पंधरा दिवसांवर शेजारच्या गावच्या जत्रेचं मैदान होतं. आमच्या तालमीतून एकच गडी तिसऱ्या नंबरच्या कुस्तीला जाणार होता, यल्लाप्पा नाहीतर मी. खरं सांगायचं तर यल्लाप्पाच. तो माझ्याहून चपळ होता, दमाचा होता, आणि वस्तादांची खुशामत न करता त्यांच्या डोळ्यांत भरला होता.

मी घरी आलो. जखमेवरची माती नळाखाली धुऊन काढली. दुसऱ्या दिवशी लंगडत जोर मारले. यल्लाप्पानंही मारले.

चौथ्या दिवशी आम्ही नदीवर अंग धुवायला गेलो. तो फडक्याच्या कडेनं दिसणाऱ्या माझ्या नडगीकडे बघत म्हणाला, “तुझं बेस भरलं रं, श्रीपती. काय लावलंस?”

“हळद,” मी म्हणालो. “वस्तादांनी लावलेल्या मातीतली.”

“एवढीच?”

“एवढीच.”

त्यानं स्वतःचा तळवा वळवून पाहिला. भोक वरून बुजलं होतं, पण भोवतीनं टरारून आलं होतं. त्यानं पाय पाण्यात सोडला आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागला.

नवव्या दिवशी जोर झाल्यावर आम्ही दुधाचे पेले घेऊन बसलो होतो. यल्लाप्पानं पेला तोंडाला लावला आणि दूध हनुवटीवरून छातीवर ओघळलं.

“तोंड उघडंना झालंय,” तो म्हणाला. शब्द दातांच्या फटीतून आल्यासारखे येत होते. “काल सांच्यालाबी भाकरी चावंना.”

“मैदान जवळ आलं की भल्याभल्यांचं दात बसत्यात,” वस्ताद म्हणाले. भोवतीचे चार खुशमस्करे हसले. त्या चौघांना दुसरं काम नव्हतं. वस्ताद बोलले की हसायचं आणि वस्तादांच्या म्हशींना वैरण टाकायची.

“मानबी धरलीया, वस्ताद.”

“नखरं करतंय. हिकडं ये.” वस्तादांनी त्याला खाली पाडून मानेला तेल चोळलं, मान दोन्ही हातांत धरून इकडून तिकडं पिळली. यल्लाप्पाच्या घशातून असा आवाज आला की एक पोरगं उठून बाहेर गेलं. वस्ताद म्हणाले, “वारं शिरलंय. शंभर बैठका मार, निघून जाईल.”

त्यानं बैठका मारल्या. मी मोजल्या. एक्केचाळीसला तो भिंतीला धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तालमीत आला तो काठी गिळल्यासारखा ताठ. पोटावर हात फिरवला तर फळीसारखं लागत होतं. कुणीतरी कोपऱ्यात लोखंडी घागर आदळली आणि त्या आवाजासरशी तो जमिनीवर कोसळला. टाळू आणि टाचा तेवढ्या मातीला टेकलेल्या, मधलं सगळं अंग कमानीसारखं वर. मिनिटभरानं अंग खाली आलं. तो पूर्ण शुद्धीवर होता. त्याचे ओठ दोन्ही बाजूंना ताणले गेले होते, सगळे दात दिसत होते, भुवया वर चढल्या होत्या.

“बघा,” वस्ताद म्हणाले. “हसतोय लेकाचा. सोंग हाय सगळं.”

चौघंही हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही.

कुणीतरी यल्लाप्पाच्या आईला बोलावून आणलं होतं. गौराक्का विड्या वळायची. हाताला तंबाखूचा वास, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, ह्या एका पोरासाठी राबलेली बाई. तालमीत बायकांनी पाय ठेवायचा नाही असा वस्तादांचा दंडक होता. ती सरळ आत आली, हौद्यात उतरली आणि पोराच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

“आक्का, भ्याचं काम न्हाई,” वस्ताद म्हणाले. “हसतंय बग पोरगं.”

“माझं पोर असं हसत न्हाई,” ती म्हणाली. मग वस्तादांकडे न बघता आमच्याकडे वळली. “गाडी आणा कुणीतरी.”

दूध डेअरीची जीप मिळाली. मी यल्लाप्पाचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्याचं अंग कमान व्हायचं. गौराक्का त्याचे पाय धरून होती. एकदा झटका ओसरल्यावर तिनं त्याचा तळवा उलटा करून पाहिला, त्या बुजलेल्या भोकावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, “ह्यात काय भरलंय?”

“माती,” मी म्हणालो.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात त्याला एका टोकाच्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळं कापड लावलेलं, दाराबाहेर चपला काढायच्या, आत कुजबुजून बोलायचं. उजेड, आवाज, नुसता हात लागला तरी झटका येतो, असं सिस्टरनी पहिल्यांदाच बजावलं. डॉक्टर मिराशी म्हणून बाई होत्या, कृश, चाळिशीच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी पायातली जखम उघडली, आतली माती आणि कुजलेलं मांस कापून काढलं, धुऊन तशीच उघडी ठेवली. विषावरचा उतारा म्हणून इंजेक्शनं दिली, सलाईनमधून जंतू मारायचं औषध आणि अंग सैल पाडायचं औषध लावलं. संध्याकाळी श्वास अडकायला लागला तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी घातली.

मग त्या बाहेर आल्या आणि आम्हाला व्हरांड्यात बाकावर बसवून बोलल्या.

“धनुर्वात आहे. ह्याचे जंतू मातीत असतात, शेणात तर फारच. वाळलेल्या बीसारखे वर्षानुवर्षं पडून राहतात, मरत नाहीत. हवा लागते तिथं ते वाढत नाहीत. खोल जखमेत, वरून बुजवून टाकली की त्यांना हवं तसं मिळतं. मग ते विष तयार करतात आणि ते विष नसांमधून वर चढतं. आधी जबडा, मग मान, मग पाठ.”

“खिळा गंजका होता,” मी म्हणालो.

“गंजानं काही होत नाही. खिळ्याबरोबर आत गेलेल्या मातीनं होतं. आणि त्यावर तुम्ही आणखी भरलीत.”

“बरा हुईल?” गौराक्कानं विचारलं.

“नसांत शिरलेलं विष मला काढता येत नाही, आक्का. अंगात मोकळं फिरतंय तेवढं मी मारलंय. बाकीचं आपणहून उतरेपर्यंत त्याला जिवंत ठेवायचं, एवढंच आमच्या हातात आहे. तीन आठवडे, चार आठवडे. खात्रीनं सांगता येत नाही.”

तिसऱ्या दिवशी वस्ताद आले. फेटा बांधून, जरीचा शेला टाकून, मागं ते चौघं. एखाद्या सत्काराला निघाल्यासारखे. चपला न काढता ते तडक खोलीत शिरले आणि दारातूनच गरजले, “काय रं वाघा.”

यल्लाप्पाचं अंग खाटेवरून उचललं गेलं. गळ्यातल्या नळीतून शिट्टीसारखा आवाज निघाला. सिस्टर धावली, मागून डॉक्टर आल्या. चेहरा निळा पडेपर्यंत ती कमान उतरली नाही. वस्ताद भिंतीला चिकटून उभे होते, शेला एका खांद्यावरून घसरलेला. हत्ती उभे करणाऱ्या त्या माणसाला भिंतीशी अंग चोरताना मी पाहिलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

झटका उतरल्यावर डॉक्टरांनी त्यांना बाहेर काढलं. व्हरांड्यात वस्ताद पुटपुटले, “मातीनं असं हुत न्हाई, बाई. आमचं वाडवडील...”

“जखमेत माती तुम्ही भरलीत?”

वस्तादांनी घसरलेला शेला खांद्यावर ओढला.

“त्या दिवशी आणखी कुणाला लागलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

वस्तादांनी माझ्याकडे बोट केलं. “ह्याला. हे बघा की ह्याला. ह्याचं तर वीतभर फाटलं हुतं. त्यालाबी मीच माती लावली. ठणठणीत हाय गडी.” त्यांना पुन्हा आवाज सापडला होता. चौघांनी माना हलवल्या.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. “पाय दाखवा.” मी पायजमा वर केला. त्या वाकून बघत म्हणाल्या, “हे टाके कुणी घातले?”

ह्या गोष्टीत मी आतापर्यंत एक संध्याकाळ वगळली. वासा पडला त्या दिवशी माती नळाखाली धुऊन मी थांबलो नव्हतो. अंधार पडायच्या सुमारास, डोक्यावरून टॉवेल घेऊन, मागच्या गल्लीनं उपाध्ये डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो होतो. त्यांनी जखम साबणपाण्यानं खरवडून धुतली, बारा टाके घातले, शाळेत असताना लस घेतली होती का विचारलं. मी दहावीपर्यंत शिकलो होतो. घेतली होती. मग एकाच इंजेक्शननं भागेल म्हणाले आणि दंडात सुई टोचली. टाक्यांवरचं फडकं मी तालमीत कधी सोडलं नाही. निघताना त्यांनी विचारलं होतं, “बरोबर आणखी कुणाला लागलंय का? असेल तर आजच पाठवून दे.” मी नाही म्हणालो होतो. यल्लाप्पा चौथीत शाळेतून उठला होता. त्यानं आयुष्यात कुठली सुई बघितली नव्हती. आणि तो इतका सरळ होता की वस्तादांनी विचारलं असतं तर लगेच सांगून मोकळा झाला असता, मला श्रीपतीनं धाडलं म्हणून.

“उपाध्ये डॉक्टरांनी,” मी म्हणालो.

“इंजेक्शन दिलं त्यांनी?”

“हो.”

“कधी?”

“त्याच दिवशी.”

डॉक्टरांनी माझा पायजमा खाली सोडला आणि त्या आत गेल्या. वस्ताद माझ्याकडे बघत होते. मला त्यांच्याशी काही कर्तव्य नव्हतं. बाकाच्या टोकाला गौराक्का बसली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. ती बराच वेळ माझ्या पायाकडे बघत राहिली.

“तू घेतलंस,” ती म्हणाली. “बरं केलंस.”

एवढंच. पुन्हा त्या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या झेलल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या रुग्णांच्या खिडकीकडून जात होतो. इंजेक्शनच्या रांगेत बाया, कडेवरची पोरं आणि त्यांच्यामध्ये, फेटा नाही, शेला नाही, कानटोपी घातलेले हिंदुराव वस्ताद. एका हाताच्या करंगळीला चिंधी बांधलेली. गोठ्यातल्या विळ्यानं कापलं असावं. मी थांबलो. त्यांनी मला पाहिलं, रांग न सोडता खुणेनं जवळ बोलावलं.

“तू घेतल्यालं मी कुनाला बोलणार न्हाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्या चौघांचं त्वांड मी बंद केलंय, तालमीत कुनाला कळायचं न्हाई. तूबी माझं बोलू नगंस.”

मी त्यांच्या तोंडावर थुंकायला हवं होतं.

“मैदान दोन दिसावर आलंय,” ते म्हणाले. “आता तूच.”

“व्हय वस्ताद,” मी म्हणालो.

मी मैदानात उतरलो. तालमीची अब्रू म्हणून, वस्तादांचा पठ्ठ्या म्हणून हलगीच्या ठेक्यावर फिरलो. अकरा मिनिटांत जिंकलो. वस्तादांनी मला खांद्यावर घेतलं आणि फेटा उडवला. त्या खांद्यावर बसून मी हात जोडत होतो आणि खालच्या माणसाबद्दल मला जी किळस वाटत होती ती नेमकी कुणाची, हे मला नीट कळत होतं. मी पुन्हा कधी लांग चढवून आखाड्यात उतरलो नाही. पुढं एसटीत कंडक्टर म्हणून चिकटलो.

यल्लाप्पा वाचला. सव्वीस दिवस त्या काळोख्या खोलीत होता. नळी काढली, झटके थांबले, जबडा बोटभर उघडायला लागला. घरी सोडताना डॉक्टर मिराशींनी त्याच्या दंडात लस टोचली. गौराक्का म्हणाली, “आता कशाला? होऊन गेलं की.” डॉक्टर म्हणाल्या, “हा एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही, आक्का. बाकीचे दोन डोस चुकवायचे नाहीत. आणि तुम्हीही घ्या.” तिनं तिथल्या तिथं दंड पुढं केला.

तो घरी आल्यावर आठ दिवस मी गेलो नाही. नवव्या दिवशी दुपारी गेलो. गौराक्का कारखान्यात विड्या द्यायला गेली होती. यल्लाप्पा अंगणात चटईवर बसला होता. पंच्याऐंशी किलोचा गडी पोत्यासारखा ढिला झाला होता, गळ्यावर लाल वण. मी समोर बसलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो.

“आई म्हणाली,” त्यानंच सुरुवात केली. आवाज घोगरा येत होता. “पर मला आधीच ठाऊक हुतं.”

“काय ठाऊक होतं?”

“त्या दिवशी मी डेअरीवर दूध घालाय चाललेलो. उपाध्ये दाक्तरच्या दारातनं तू टावेल घेऊन बाहेर पडलास. बघितलं की मी.”

“मग नदीवर मला का विचारलंस?”

“वाटलं, तू सांगशील.” तो चटईची काडी उपसत होता. “सांगितलं असतंस तर मीबी गेलो असतो. एकट्याला जायाचं भ्या वाटलं, रं. एकट्याला चोळी घालता येती. दोघांना घालाय वस्तादाच्या बाच्यानं झालं नसतं.”

“तू त्यांना सांगितलं नाहीस. माझं.”

“काय सांगायचं?” तो म्हणाला. “तुला काढलं असतं.”

मी खाली बघत बसलो. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. मग त्यानं विचारलं, आणि त्याच्या आवाजात खरंच उत्सुकता होती, “कुस्ती कुठल्या डावावर मारलीस?”

“घिस्सा.”

“किती मिनटं?”

“अकरा.”

“अकरा लई झाली. तो गडी सहात पडाय पायजे हुता. मानंवरचा हात सैल ठेवतोस तू. ये हिकडं.”

मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर आणि हातांवर वाकलो. त्यानं हात उचलून माझ्या मानेवर ठेवला. त्या हातात एवढीच ताकद उरली होती की मी नुसती मान झटकली असती तरी तो बाजूला पडला असता.

“असा,” तो म्हणाला. “घट्ट. आता सूट बघू.”

मी सुटलो नाही.